पासबुकातली कपात : परत मागण्याआधी एवढे तपासा

सोयाबीनचे पैसे जमा झाले का, हे पाहायला माणूस बँकेत जातो. पासबुक छापून घेतो आणि ओळी वाचता वाचता एका ठिकाणी थबकतो. कुठे सतरा रुपये सत्तर पैसे, कुठे वीस, कुठे चारशे छत्तीस, कुठे तीनशेच्या आसपास. "साहेब, हे कसलं कापलं?" असे विचारले की गर्दीत उत्तर मिळते, "सिस्टीमनं कापलंय." तेवढ्यावर बोलणे संपते. घरी येताना मात्र मनात राहते की, आपल्या घामाचा पैसा कोणीतरी न विचारता काढून घेतला.

हा राग खोटा नाही. पण रागाच्या भरात "सगळे परत द्या" असा अर्ज ठोकून दिला, तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. काही कपात नियमाप्रमाणे असते, काही नियमाबाहेरची असते आणि काही तर आपल्याच फायद्याची असते. ती परत मागितली तर नुकसान आपलेच. म्हणून शेतकरी बंधूंनी अर्ज करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याची माहिती येथे देत आहोत. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (गाव अजून त्यांना ग्रामसेवकच म्हणते) आणि सोसायटीचे सचिव यांनाही ती उपयोगी पडेल, कारण असे पासबुक घेऊन माणूस आधी त्यांच्याकडेच येतो.

आधी खाते कोणाचे ते पाहा

आपण सगळ्यालाच 'बँक' म्हणतो. पण राष्ट्रीयीकृत बँक, ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक, गावची विविध कार्यकारी सोसायटी आणि पतसंस्था ही वेगवेगळी घरे आहेत. दाद मागण्याचे दारही वेगळे. राष्ट्रीयीकृत, खाजगी आणि ग्रामीण बँकांविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते. जिल्हा मध्यवर्ती बँका पूर्वी या योजनेत नव्हत्या. 1 नोव्हेंबर 2025 पासून राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. आपल्याकडे कित्येकांचे पीककर्ज जिल्हा बँकेचे असल्याने हा बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सोसायटी आणि पतसंस्था मात्र बँक नव्हेत. त्यांची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी लागते. सोसायटीत कर्जातून 'शेअर्स'पोटी रक्कम वळती होते, त्यावरून नेहमी वाद होतो. ते शुल्क नाही. ते आपल्या नावचे भाग आहेत आणि सोसायटीच्या वहीत आपल्या नावावर जमा असले पाहिजेत. तेव्हा तिथे "पैसे परत द्या" म्हणण्याऐवजी "माझ्या नावावर किती भाग आहेत त्याचा उतारा द्या" असे म्हणावे.

उतारा काढा, ओळ न् ओळ वाचा

अर्जाच्या आधी खात्याचा निदान दोन-तीन वर्षांचा उतारा घ्यावा. पासबुकात काही ओळी एकत्र छापलेल्या असतात, काही पुसट असतात. पासबुकात ग्राहकाला न समजणाऱ्या त्रोटक नोंदी करू नयेत, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. त्यामुळे "ही नोंद कशाची, मराठीत सांगा" असे विचारण्यात कमीपणा नाही. तो आपला हक्क आहे.

नमुना म्हणून समजा, एका खात्यातून तीन वर्षांत पुढीलप्रमाणे कपात झाली. एसएमएसचे दर तिमाहीला 17 रुपये 70 पैसे, म्हणजे बारा वेळा मिळून 212 रुपये 40 पैसे. जीवनज्योती विम्याचे दरवर्षी 436, म्हणजे 1308. सुरक्षा विम्याचे दरवर्षी 20, म्हणजे 60. खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला त्याचे दोनदा 295, म्हणजे 590. एकूण 2170 रुपये 40 पैसे. आकडा पाहून डोळे फिरतात. पण यातले परत मागण्यासारखे किती, हे ओळीओळीने पाहावे लागेल.

विम्याचे पैसे : घाई करू नका

436 रुपये ही प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची आणि 20 रुपये ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची वार्षिक रक्कम आहे. 1 जून 2022 पूर्वी या रकमा 330 आणि 12 होत्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या खात्यातून आपोआप वळत्या होतात. पहिल्या योजनेत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला 2 लाख रुपये मिळतात. दुसरीत अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला 2 लाख आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास खातेदाराला 2 लाख.

सही न घेता विमा काढला असेल तर तक्रार करण्याचा हक्क आहेच. बँकेला संमतीचा कागद दाखवायला सांगा. पण अर्ज करण्यापूर्वी घरात बसून विचार करा. साप चावून किंवा झाडावरून पडून झालेला मृत्यूसुद्धा सुरक्षा विम्यात अपघात धरला जातो, मात्र दवाखान्याची तत्काळ नोंद हवी. रानात रोज वावरणाऱ्याने वर्षाचे वीस रुपये वाचवण्यासाठी हे कवच सोडावे का? ही रक्कम बंद करण्यापेक्षा वारसाचे नाव बरोबर लागले आहे का ते तपासून घेणे जास्त शहाणपणाचे.

एक गोष्ट मात्र जरूर पाहा. दोन बँकांत खाती असतील आणि दोन्हीकडून 436 जात असतील, तर वारसाला दोनदा पैसे मिळत नाहीत. एका माणसाला एकदाच 2 लाख. जादा भरलेला हप्ता वाया जातो. अशा वेळी एका खात्यावरचा विमा लेखी अर्ज देऊन बंद करावा. घरात कोणी वारले असेल आणि त्यांच्या पासबुकात अशी कपात दिसत असेल, तर कपातीची तक्रार बाजूला ठेवून आधी विम्याच्या दाव्याचे विचारावे. दोन लाख सोडून चारशे छत्तीसच्या मागे लागण्याची पाळी येऊ नये.

पीकविम्याचेही तसेच. खरीप 2020 पासून कर्जदार शेतकऱ्यालाही पीकविमा ऐच्छिक आहे. मात्र नको असेल तर अंतिम मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावे लागते. नाही कळवले तर हप्ता कापला जातो. महाराष्ट्रात एक रुपयात विमा ही सोय खरीप 2023 पासून होती, ती खरीप 2025 पासून बंद झाली. त्यामुळे आता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता जातो. रक्कम कापली असेल तर आधी पॉलिसी क्रमांक मागा. बँकेने पैसे घेऊन पोर्टलवर नोंदच केली नसेल, तर हप्ता गुपचूप परत घेऊन गप्प बसू नका. बँकेच्या चुकीने शेतकरी भरपाईला मुकला तर जबाबदारी बँकेची, असे योजनेचे मार्गदर्शन सांगते. हप्ता हातात पडला की भरपाईचा मुद्दा ढिला पडतो.

कोणती कपात हक्काने मागता येते?

पहिली, किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड. 1 एप्रिल 2015 पासूनचा नियम असा की, शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचे, शिल्लक भरायला एक महिना द्यायचा आणि मगच दंड लावायचा. दंडही जेवढी शिल्लक कमी, त्या प्रमाणात हवा. आणि निव्वळ या दंडापायी खाते वजा होता कामा नये. म्हणजे खात्यात 40 रुपये असताना दंड लावून शिल्लक वजा दोनशे दाखवली असेल, तर ती नोंद नियमाबाहेरची आहे. स्टेट बँकेने हा दंड 2020 मध्येच बंद केला. 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन बँक यांनीही साध्या बचत खात्यांवरचा हा दंड काढून टाकला. तुमचा दंड त्या आधीचा की नंतरचा, ते तारखेवरून पाहा.

दुसरी, जनधन किंवा मूलभूत बचत खात्यावरचा दंड. या खात्याला किमान शिल्लक नाहीच. तिथे दंड लागला असेल तर सरळ परत मागावा.

तिसरी, बंद पडलेले खाते. दोन वर्षे खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय धरतात. 1 एप्रिल 2024 पासून अशा खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि खाते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. बाहेरगावी कामाला गेलेल्या मुलांची, सासरी गेलेल्या मुलींची खाती या नजरेने तपासावीत.

चौथी, एसएमएसचे पैसे. संदेश जेवढे पाठवले तेवढ्याचेच घ्यावेत, अशी रिझर्व्ह बँकेची 2013 ची सूचना आहे. मोबाईल नंबर बदलून संदेशच येत नसतील आणि तिमाहीला ठरलेली रक्कम जात असेल, तर विचारता येते. अर्थात नवा नंबर कळवायचे काम आपले.

हप्ता किंवा चेक परत गेल्याचे पैसे मात्र बहुधा नियमाप्रमाणेच असतात. ट्रॅक्टरच्या हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नव्हते, ही गोष्ट आपल्याकडची. तिथे "या एका वेळेस माफ करा" अशी विनंती करता येते, हक्क सांगता येत नाही. एकाच हप्त्यापोटी एकाच दिवशी दोन-तीनदा कपात झाली असेल तर मात्र प्रत्येक नोंदीचा जाब विचारावा.

वरच्या नमुन्यातल्या 2170 रुपयांपैकी 1368 विम्याचे, 590 हप्ता चुकल्याचे. नक्की भांडण्यासारखे उरतात ते 212. हा हिशेब आधी केला की शाखेत बोलताना आपला पाय घसरत नाही.

कर्जखात्यात मोठा पैसा अडकतो

बचत खात्यातले दहावीस रुपये पटकन दिसतात. कर्जखात्यातले हजारो रुपये कोणी पाहत नाही. म्हणून कर्जाचा उतारा वेगळा मागावा आणि चार गोष्टी पाहाव्यात.

एक, शुल्क. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला प्रक्रिया, कागदपत्रे, पाहणी वगैरे शुल्क घेऊ नये, असे बँकांना 2019 मध्ये कळवण्यात आले. प्राधान्य क्षेत्रातील 50 हजारांपर्यंतच्या कर्जाला सेवा किंवा पाहणी शुल्क नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांत आहे. पूर्वी ही मर्यादा 25 हजार होती.

दोन, दंडव्याज. व्यापारी, ग्रामीण आणि नागरी सहकारी बँकांना नव्या कर्जावर 1 एप्रिल 2024 पासून दंड 'व्याज' म्हणून लावता येत नाही. दंड वेगळा दाखवायचा आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचे नाही. जुनी कर्जेही 30 जून 2024 पर्यंत या पद्धतीत आणायची होती.

तीन, व्याजावर व्याज. शेतीकर्जाला तिमाही-सहामाही चक्रवाढ लावू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच सांगितले. शेतकऱ्याचा पैसा हंगामाला येतो, तर व्याजाचा हिशेबही हंगामाप्रमाणेच असावा, हे त्यामागचे कारण.

चार, दामदुपट. आपल्या आजोबांना हा शब्द पाठ होता : व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. अल्प आणि अत्यल्प भूधारकांच्या अल्पमुदती शेतीकर्जाला रिझर्व्ह बँकेचा असाच नियम आहे. 40 हजारांचे पीककर्ज कितीही वर्षे थकले, तरी खात्यावर टाकलेले एकूण व्याज 40 हजारांच्या पुढे जाऊ नये. मात्र विहीर, पाईपलाईन, ट्रॅक्टर या मुदतीच्या कर्जांना हा नियम लावून पाहू नका. तो अल्पमुदती कर्जापुरता आहे.

मागण्यापूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न

त्याच बँकेत आपले कर्ज थकले आहे का? असेल तर परत आलेली रक्कम हाती न पडता थकबाकीत वळती होऊ शकते. त्यातही नुकसान नाही, कर्ज तेवढे कमी होते. पण खताला पैसे येतील अशा भरवशावर बसू नये. अतिवृष्टीच्या मदतीचे पैसे मात्र वेगळे. ते कर्जात वळते करू नयेत, अशी सूचना मदतीच्या शासन निर्णयांत अनेकदा असते. तसे झाले असेल तर त्या निर्णयाची प्रत अर्जाला जोडावी आणि तहसील कार्यालयालाही कळवावे.

खर्च किती, मिळकत किती? 212 रुपयांसाठी तीनदा तालुक्याला गेलात, तर मजुरी आणि गाडीभाड्यातच ते संपले. अशा वेळी परताव्यापेक्षा कपात कायमची बंद करून घेणे मोलाचे. खाते मूलभूत बचत खात्यात बदलून मागावे. मात्र त्यात पैसे काढण्याच्या वेळांवर मर्यादा असू शकते आणि त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, हे आधी समजून घ्यावे.

"तक्रार केली तर साहेब पुढच्या वर्षी कर्ज देणार नाहीत," ही भीती गावोगाव ऐकू येते. तक्रार केली म्हणून कर्ज नाकारणे नियमात बसत नाही. तरीही अर्जाची भाषा सौम्य ठेवावी. शाखेतला कर्मचारी बहुतेक वेळा स्वतः कपात लावत नाही, ती मुख्यालयातून लागते. त्याच्याशी भांडून त्यालाही काही करता येत नाही. नेमका कागद दिला तर तोच तुमचे काम वर पाठवतो.

आणि शेवटचे, मध्यस्थ. "तुमचे कापलेले पैसे काढून देतो, निम्मे माझे" असे म्हणणारे फिरतात. लोकपालाकडे तक्रारीला एक पैसाही फी नाही, वकील लागत नाही. फोनवरून "परतावा जमा करतो, ओटीपी सांगा" म्हणणारा तर चोरच समजावा. दोनशे परत मिळवायच्या नादात खाते रिकामे झाल्यावर सांगायचे कोणाला?

अर्ज कसा द्यावा

अर्ज मराठीत द्यावा. मजकूर थोडका आणि नेमका हवा :

"मा. शाखाधिकारी यांस, माझ्या बचत खाते क्रमांक …… मधून दिनांक …… रोजी रुपये …… 'किमान शिल्लक दंड' म्हणून वजा झाले. मला आधी सूचना मिळाली नाही व एक महिन्याची मुदत दिली नाही. या दंडामुळे खाते वजा झाले आहे. तरी सदर रक्कम खात्यात परत जमा करावी. शक्य नसल्यास कोणत्या नियमाने कपात केली ते लेखी कळवावे. सोबत पासबुकाची झेरॉक्स जोडली आहे. आपला, ……"

दोन प्रती न्याव्यात. एकीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्यावी. शिक्का मिळत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. ती पावती म्हणजेच पुढचा सगळा दावा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. शाखेत न विचारता थेट तिकडे गेले तर तक्रार परत येते. संकेतस्थळ सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. माहितीसाठी मोफत फोन 14448. संगणक नसेल तर पत्राने : सेंट्रलाइज्ड रिसीट अँड प्रोसेसिंग सेंटर, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, चौथा मजला, सेक्टर 17, चंदीगड 160017. पत्र कोणत्याही भाषेत चालते. महिना संपताच पाठवावे. मुदती टळल्या की खरी तक्रारही पडते.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. मात्र एकच विषय दोन्हीकडे एकदम नेऊ नये; आयोगात प्रकरण चालू असले तर लोकपाल हात घालत नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

एकट्याने बँकेत जाण्यापेक्षा गावाने मिळून केलेले काम पुढे सरकते. मे महिन्यात विम्याची कपात होण्याआधी ग्रामपंचायतीत एक दिवस पासबुक वाचनाचा ठेवावा. शाळेतली थोरली मुले ओळी वाचून दाखवतील, सचिव कर्जाचा उतारा समजावून सांगतील, शाखाधिकाऱ्यांनाही बोलवावे. एकाच प्रकारची कपात दहा-वीस खात्यांत दिसली, तर प्रत्येकाने आपापला अर्ज द्यावा आणि सरपंचांनी यादी जोडून एक पत्र द्यावे. विधवा, वृद्ध निराधार यांची पासबुके सर्वांत आधी घ्यावीत. त्यांचे अनुदान ज्या खात्यात येते, तिथला दंड म्हणजे त्यांच्या घरचे पीठमीठ.

शेतात दर आठ दिवसांनी बांधावरून एक फेरी मारली नाही, तर पाणी कुठे फुटले ते कळत नाही. पासबुकाचेही तसेच आहे. तीन महिन्यांतून एकदा छापून घ्या आणि त्याच दिवशी वाचा. फुटलेले पाणी लगेच दिसले तर एक खोरे मातीत काम भागते. वर्षाने दिसले तर बांधच घालावा लागतो.